इंजिन ऐका, पण कागद आधी वाचा
जुनी, मोठ्या इंजिनाची मोटारसायकल घेणाऱ्या सीमाभागातील कुटुंबांसाठी

दिवाळीच्या फराळाला घर भरलेले असताना पुतण्याने विषय काढला. नोकरीला लागून त्याला दीड वर्ष झाले होते, हाताशी थोडी शिल्लक होती. "काका, मोठी सिंगल सिलिंडर गाडी घ्यायची म्हणतोय. सेकंडहँड. फोंडा घाटात, आंबोलीत सुपरमोटो स्टाईल चालवायला."

'सुपरमोटो' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच आला. आईने करंजी ताटात ठेवली आणि एवढेच विचारले, "सेकंडहँड म्हणजे कागद कुणाच्या नावावर?"

पुतण्या हसला. मी हसलो नाही. आईच्या त्या प्रश्नामागे आमच्या घरातली एक जुनी गोष्ट आहे. ती पुढे सांगतोच. आधी या गाड्यांविषयी. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, कागल, गडहिंग्लज या पट्ट्यात आज घराघरात हा विषय निघतो आहे आणि आई-वडिलांना त्यातले शब्दही समजत नाहीत.

सुपरमोटो म्हणजे काय?

१९७९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, कार्ल्सबाड येथे एका दूरचित्रवाणी वाहिनीने 'सुपरबायकर्स' नावाची शर्यत भरवली. डांबरी ट्रॅकवरचे आणि मातीतले शर्यतपटू एकाच मैदानात उतरवायचे, थोडे डांबर, थोडी माती, आणि सगळ्यांत तरबेज कोण ते पाहायचे, अशी ती कल्पना होती. पुढे युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, हा प्रकार रुजला. त्यातून जी गाडी घडली ती सुपरमोटो. अंगाने मातीतल्या गाडीसारखी उंच आणि सडपातळ, शॉकअप लांब, हँडल रुंद, पण चाके मात्र रस्त्यावरची, १७ इंची आणि रुंद टायरची. इंजिन बहुधा एकाच सिलिंडरचे, कारण ते हलके आणि अरुंद असते.

अशी गाडी वळणावर पटकन झुकते, चालवणारा ताठ बसत असल्यामुळे पुढचा रस्ता लांबवर दिसतो आणि खड्डा आला तरी कंबर वाचते. आपल्याकडचे घाटरस्ते आठवा. निपाणीहून मुदाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट, गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोली, बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला. अरुंद वळणे, कडेला खडी, पावसाळ्यात शेवाळ. इथे ताशी दीडशेचा वेग कामाचा नाही. हलकी, ताठ बसायची, खालच्या गिअरमध्ये जोर देणारी गाडीच इथे शोभते. पुतण्याचे म्हणणे त्या अर्थाने अगदीच वेडेपणाचे नव्हते.

एक गोष्ट मात्र त्याला तिथेच सांगितली. व्हिडिओत मागचे चाक घसरवत वळणात शिरतात तो बंद ट्रॅकवरचा खेळ आहे. त्या वळणाच्या पलीकडून ऊसाची ट्रॉली येत नसते. आपल्या घाटात येते.

एका पिस्टनचा संसार

आपल्या भागाला मोठी सिंगल सिलिंडर गाडी काही नवी नाही. बुलेट म्हणजे तीच. इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डबरोबर मद्रास मोटर्सने १९५५ मध्ये मद्रासला कंपनी काढली आणि सैन्याच्या मागणीतून ही गाडी भारतात रुजली. पाटील, फौजदार, तंबाखूचे व्यापारी यांच्या दारात ती असायची. तिचा आवाज आला की कोण आले ते आतल्या घरात कळायचे.

पण सगळ्या सिंगल सारख्या नसतात, हे पुतण्याला आकडे मांडून दाखवावे लागले. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची वरखाली होण्याची लांबी, या दोन मापांवर इंजिनाचा स्वभाव ठरतो. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या ३५० बुलेटमध्ये व्यास ७० मिलिमीटर आणि लांबी ९० मिलिमीटर. पिस्टन लांब जातो, म्हणून सावकाश फिरतो, पण खालूनच जोर देतो. २०१६ साली आलेल्या ४११ सीसीच्या हिमालयनमध्ये हीच मापे ७८ आणि ८६. स्वभाव तोच, थोडा चपळ. २०१३ साली भारतात आलेल्या ३९० ड्यूकमध्ये मात्र व्यास ८९ आणि लांबी फक्त ६०. हे ३७३ सीसीचे इंजिन झटपट फिरते. हिमालयनची ताकद साडेचोवीस अश्वशक्तीच्या आसपास, ड्यूकची ४३. पण ड्यूकची ताकद वरच्या फेऱ्यांत आहे. गिअर चढवून रमतगमत चालवू म्हटले तर ती कुरकुरते.

म्हणून निवड अशी मांडता येते. सुपरमोटोच्या सगळ्यांत जवळची चाल हवी असेल तर जुनी ३९० ड्यूक. दोन्ही चाके १७ इंची आणि अंगाने हलकी. खराब रस्ता, सामान, मागे बसणारे माणूस हे सगळे असेल तर हिमालयन ४११. तिचे पुढचे चाक २१ इंची आहे, त्यामुळे झटकन वळत नाही; वजनही दोनशे किलोच्या घरात. पण शॉकअप लांब आहेत, पुढे २०० आणि मागे १८० मिलिमीटर हालचालीचे. तिचे ते इंजिन २०२३ अखेरीस नव्या ४५० हिमालयनने बाजूला केले, त्यामुळे जुन्या ४११ बाजारात भरपूर दिसतात. बजाजची डॉमिनार ४०० बळकट आहे, पण अंगाने जड. आणि बुलेट किंवा क्लासिक घ्यायची तर ती सावकाश फिरायला घ्यावी. घाटात ती पळवायला जाऊ नये.

आणखी एक. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो. नव्या गाडीवर शिकलेल्या मुलाने अशी गाडी घेतली तर सरळ रस्त्यावर सवय होते. पण समोर अचानक म्हैस आली की पाय जुन्याच जागी दाबतो. महिनाभर गावात चालवल्याशिवाय तिला घाटात नेऊ नये.

चौथा प्रश्न किमतीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ३५० सीसीपर्यंतच्या नव्या गाडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यावरच्या गाडीवर मात्र तो ४० टक्के झाला. म्हणजे नवी ३५० स्वस्त झाली. जुन्या ३५० चा मालक अजून जुनाच भाव सांगत असेल तर नव्या गाडीची पावती समोर ठेवून बोलावे. उलट ३५० च्या वरच्या जुन्या गाड्यांचे मालक हट्टाला पेटलेले असतात. त्यांची अडचणही समजून घ्यावी.

गाडी बघायला जाताना

आमच्या मिस्त्रींचा एक नियम आहे. ते निम्मे कन्नड, निम्मे मराठी बोलतात. "मोदल सायलेन्सरला हात लावायचा. गरम असेल तर घरी परत यायचं." मालकाने आपण यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवली असेल, तर थंड इंजिनाचा दोष लपवण्यासाठीही ते असू शकते. थंड गाडी आपल्या समोर सुरू झाली पाहिजे. सुरू होताच येणारा आणि लगेच विरणारा पांढरा वाफारा हा साधा गारवा. निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळते आहे. दोन सिलिंडरच्या गाडीत एक थकला तर दुसरा थोडे सांभाळून घेतो. इथे सगळा संसार एका पिस्टनवर. तो गेला की बोअर, पिस्टन, रिंगा आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेत हेलपाटे.

मग आवाज. टॅपेटची बारीक टिकटिक चालते. ती जुळवता येते. गाडी तापल्यावरही खालून जड ठोका येत असेल तर तो मोठ्या खर्चाचा इशारा. ड्यूकमध्ये पाण्याचे कूलिंग असते. गाडी उभी ठेवून तापू द्यावी आणि पंखा आपोआप फिरतो का ते पाहावे. चेन-सॉकेटचे दात एका बाजूला वाकडे झाले असतील तर संच बदलावा लागणार, तो खर्च किमतीतून वजा करावा.

त्यानंतर गाडीचे अंग. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवा. मध्यभागी 'टक्' करून अडकले तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकअपवर बोट फिरवा, तेल लागते का पहा. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का पहा; ओढत असेल तर तिने कुठेतरी मार खाल्ला आहे. टायरच्या बाजूला एका चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, इतके जुने टायर घेऊन ओल्या घाटात उतरू नये. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. घाटात वापरायची गाडी एबीएसची असावी आणि चावी फिरवल्यावर त्याचा दिवा लागून, गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर कुणीतरी तो काढून ठेवला आहे, असे समजावे.

पेट्रोलचीही एक बाब आहे. आपल्याच भागातल्या ऊसापासून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत रबरी नळ्या, वॉशर, टाकीतला गंज हे त्यामुळे लवकर बोलू लागतात. पंधरा-वीस वर्षांची गाडी घेणार असाल तर नळ्या बदलायचा खर्च आधीच धरा.

आणि शेवटचा मोह: गाडीत बदल. हिमालयनला १७ इंची चाके घालून सुपरमोटो करणारे आहेत. पण पुढचे चाक लहान झाले की गाडीचा तोल, वळण्याचा स्वभाव, एबीएसचा हिशेब, सगळेच बदलते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टही केले आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच पाहील. चांगले टायर घाला, ब्रेक पॅड नवे घाला. तेवढ्यानेच निम्मे काम होते.

वडिलांची बुलेट

आता आईच्या प्रश्नाची गोष्ट. माझ्या वडिलांची एक बुलेट होती, बेळगाव पासिंगची. १९९८ मध्ये त्यांनी ती पलीकडच्या जिल्ह्यातल्या एकाला विकली. माणूस गोड बोलणारा. पैसे रोख दिले, चहा झाला, वडिलांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. "नावावर करून घेतो" म्हणाला आणि गेला. त्या काळी सगळे असेच करायचे. दोन राज्यांचा मामला, एनओसी आणायची, टॅक्स भरायचा, कोण एवढ्या खटपटीत पडणार?

२००४ मध्ये सांगलीहून एक पाकीट आले. मोटार अपघात दाव्याची नोटीस. मिरज रस्त्यावर आमच्या बुलेटने एका पायी जाणाऱ्या शेतमजुराला धडक दिली होती. त्याचा पाय कायमचा अधू झाला. गाडी मधल्या काळात आणखी दोघांच्या हातून गेली होती, विमा कुणी भरला नव्हता, आणि सरकारी वहीत मालक म्हणून नाव होते माझ्या वडिलांचे.

पुढची तीन वर्षे वडील तारखांना जात राहिले. निपाणी-कोल्हापूर, कोल्हापूर-सांगली, पुन्हा परत. मी नुकताच कॉलेजात लागलो होतो. दोन-चारदा सोबत गेलो. तो मजूर कुबडी घेऊन बाहेरच्या बाकावर बसायचा. वडील त्याच्याशी बोलायचे. शेवटी तडजोडीत रक्कम ठरली. ती द्यायला आईच्या दोन पाटल्या मोडल्या. वडील एकदाच बोलले, "त्या माणसाला पैसे मिळाले हे बरंच झालं. पण माझ्या एका सहीच्या आळसानं त्याला तीन वर्षं थांबावं लागलं." त्यांना स्वतःचे नुकसान तितके लागले नव्हते. त्या बाकावरचा माणूस त्यांना शेवटपर्यंत आठवत राहिला.

वडिलांचे नशीब वाईट, असे मला बरीच वर्षे वाटे. नंतर कळले की कायदाच तसा आहे. नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले: गाडी कितीही हातांतून गेली असली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईला जबाबदार. अपघात झालेल्या माणसाने गाडीचा शेवटचा मालक कुठे शोधत फिरायचे? त्याच्या बाजूने पाहिले तर हे न्यायाचेच आहे.

केए आणि एमएच

सीमाभागात हा धोका दुप्पट आहे. आमची सोयरीक, बाजार, दवाखाना, शाळा सगळे दोन राज्यांत विभागलेले. एकाच लग्नाच्या मांडवासमोर केए २३, केए २२, एमएच ०९ आणि एमएच १० अशा गाड्या उभ्या असतात. म्हणून गाडीही सहज इकडची तिकडे जाते. कागद मात्र सहज जात नाहीत. ते कसे न्यायचे, हे थोडक्यात असे:

आधी 'वाहन' संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर घालून नोंदणी, विमा आणि दंडाची थकबाकी पाहावी. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवून पाहावा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवून घ्यावा. राज्य बदलणार असेल तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने त्याच राज्यात विकल्यास १४ दिवसांत, दुसऱ्या राज्यात विकल्यास ४५ दिवसांत कळवायचे असते. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. कर्नाटकातला आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो; महाराष्ट्रात आधी भरलेल्यापैकी उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो. सौदा ठरवताना ही रक्कम गाडीच्या किमतीत धरा, नाहीतर 'स्वस्त' गाडी महाग पडते. मालकी बदलल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीलाही कळवायचे. आणि गाडीला १५ वर्षे होत आली असतील तर नोंदणी नूतनीकरणाचा खर्च वेगळा.

कोरा फॉर्म देऊ नये, घेऊही नये. एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुरे.

तीन गाड्या

आम्ही तीन गाड्या पाहिल्या. कोल्हापुरातली ड्यूक झगमगीत होती, किंमतही कमी. हात लावला तर सायलेन्सर गरम. रस्त्यावर नेली तर डावीकडे ओढत होती. पुतण्याचे मन तिच्यावर गेले होते. परतीच्या वाटेवर तवंदी घाट उतरेपर्यंत तो बोलला नाही.

दुसरी, बेळगावची हिमालयन. इंजिन शांत, टायर नवे. पण बोजा उतरवलेला नव्हता. मालक म्हणाला, "आधी गाडी न्या, बँकेचं मागाहून बघू." आम्ही चहा घेतला आणि निघालो.

तिसरी गडहिंग्लजची, २०२१ सालची हिमालयन, एमएच ०९. मालक बँकेतला माणूस. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या. मिस्त्रींनी अर्धा तास पाहून सांगितले, "गाडी चलो ऐती." कोनसेट आणि चेन-सॉकेट बदलायचे होते, तेवढे किमतीतून कमी झाले. निम्मे पैसे पावती घेऊन दिले, निम्मे नाव बदलल्यावर द्यायचे ठरले. आणि एक अट आमचीच: नावावर होईपर्यंत गाडी मालकाच्याच अंगणात राहील. पुतण्याला हे जड गेले. त्याने दोनदा विचारले, "काका, नुसती आणून ठेवू का? चालवणार नाही." मी त्याच्या आजीकडे बोट दाखवले.

एनओसी, कर, चिक्कोडी आरटीओचे हेलपाटे, सगळे धरून संक्रांत आली. माझी बायको हुक्केरीकडची. तिच्या माहेरची माणसे तिळगूळ घेऊन आली होती त्याच दिवशी गाडी घरी आली, केए २३ चा नवा नंबर लावून. तिच्या काकांनी गाडीला हळद-कुंकू लावले आणि पुतण्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "निधान होगप्पा." सावकाश जा रे बाबा.

आईने गाडीकडे पाहिलेच नाही. तिने आरसीचे कार्ड मागून घेतले, चष्मा लावला आणि नाव वाचले. मग कार्ड परत देत म्हणाली, "आता जा कुठं जायचं ते. हेल्मेट घालून."